तुमच्यानंतर कोणाची पाळी

ऐन झर्गा, तोझरजवळ
रविवार, ऑगस्टअखेर

तिजानीमामांच्या सेवेसी, भाचा नौफल याचा मनापासून सलाम.

इकडे सगळे सुखरूप आहेत, तिकडे तुम्हीही असाल. तुमचा गुडघा कसा आहे? वसीला फोनवर म्हणाली की गुडघा बरा आहे, पण सूसच्या दमट हवेने बाबांचं डोकं जड होतं, आणि संध्याकाळी गच्चीत बसून ते समुद्राकडे बघत म्हणतात की एवढं पाणी आणि कोणाचीच पाळी नाही, हे काही बरोबर नाही. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती हसली, आणि मग बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. आईचा रक्तदाब ठीक आहे. तुमच्या बागेवर तीच लक्ष ठेवून असते. यंदा तुमच्या उत्तरेकडच्या तीन खजुरींना घोस चांगले लागलेत, फक्त कडेच्या डाळिंबाने मान टाकली आहे. (ते डाळिंब तुम्ही गेल्यापासूनच रुसलेलं आहे, असं आईचं म्हणणं. माझ्या मते त्याला कीड लागली आहे.)

हे पत्र हाताने का लिहितोय ते तुम्हाला ठाऊक आहे. मी फोन केला की तुम्ही एक शब्द न बोलता तो वसीलाच्या हातात देता. तिच्या मोबाइलवर निरोप धाडला तर म्हणता, यंत्रातून आलेलं मी वाचत नाही. आईशी बोलताना तब्येतीचं सगळं सांगता, पण पाण्याचा विषय निघाला की नेमकं तेव्हाच तुम्हाला ऐकू येईनासं होतं. तेव्हा कागद. इतकी वर्षं बोटांनी बटणं दाबून माझं अक्षर पार बिघडलं आहे. एखादं वाक्य लागलं नाही तर वसीलाला विचारा, आणि तिलाही लागलं नाही तर ते महत्त्वाचं नव्हतं असं समजा. मला काही मागायचं नाही आणि माफीबिफी मागण्यासाठीही हे पत्र नाही. फक्त इकडची खबर कळवतो.

खबर अशी की पाणी-मंडळाचा संगणक म्हातारा झाला. तोच, जो बारा वर्षांपूर्वी मी आणला, आणि ज्याने तुमची जागा घेतली. चाळीस वर्षं तुम्ही या गावचे पाटकरी होता, चव्वेचाळीस बागांच्या पाळ्या तुमच्या डोक्यात होत्या आणि भिंतीला टांगलेला तुमचा तो गादूस, तळाला भोक पाडलेलं भांडं, किती वेळा रिकामा झाला त्यावर तुम्ही प्रत्येकाचं पाणी मोजत होता. पंप आला, वीज आली, तरी गादूस हलला नाही. मग मी शिकून आलो. आठ दिवस तुम्ही पाळ्या म्हणत गेलात आणि मी त्या यंत्रात भरत गेलो, आणि नवव्या दिवशी मंडळाच्या सभेत सगळ्यांसमोर म्हणालो, मामा, आता तुम्ही आराम करा. यंत्र चुकत नाही, विसरत नाही आणि चहाही मागत नाही. लोक हसले. तुम्ही मला दोनदा विचारलंत, ‘खात्री आहे का तुझी?’ मी दोन्ही वेळा हो म्हणालो. मग तुम्ही गादूस उतरवलात, माळ्यावर पालथा घातलात आणि घरी गेलात, आणि महिन्याभराने सूसला. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, तरी पुन्हा लिहिलं, कारण पुढच्या हकिकतीत ते उपयोगी पडेल.

तर तो संगणक. त्याचा पंखा असा घरघरायचा की सी जीलानी (सगळे त्यांना आदराने अजून ‘सी’च म्हणतात, मंडळाचे अध्यक्षही अजून तेच आहेत, पोट मात्र दुप्पट झालं आहे) त्याला नमाजाच्या वेळी बंद करायला लावायचे. त्यावरची प्रणाली इतकी जुनी की ती बनवणाऱ्यांनीही तिचं नाव टाकलं आहे. पाळ्यांचा कार्यक्रम तेवढा त्याच जुन्या प्रणालीवर चालतो, नव्यावर नाही. मी तोझरच्या कचेरीत दिवसभर लोकांचे संगणक सांभाळतो, त्यामुळे मला एक युक्ती माहीत होती. मी मंडळाला सांगितलं की आपण दुसरा धडधाकट संगणक घेऊ, त्यावर लिनक्स घालू, ते फुकट मिळतं, आणि जुना संगणक आहे तसाच्या तसा उचलून नव्याच्या पोटात ठेवू. सी जीलानींनी विचारलं, पोटात म्हणजे कसा? मी म्हणालो, समजा एका म्हाताऱ्याला त्याच्या घरातून उचललं आणि मोठ्या शहरातल्या खोलीत नेऊन ठेवलं, पण खोलीत त्याचीच खिडकी, त्याचीच चटई, त्याचाच चहाचा पेला मांडला, तर त्याला कळणारही नाही की घर बदललं. तो आपला जुनीच कामं करत राहील. सी जीलानींना हे फार पटलं. आई चहा घेऊन आली होती, ती ट्रे ठेवता ठेवता म्हणाली, ‘कळतं रे. म्हाताऱ्याला लगेच कळतं. तो बोलत नाही, एवढंच.’ आणि निघून गेली. मी तेव्हा त्याकडे लक्ष दिलं नाही, कारण संगणकाविषयी तिला काही कळत नाही.

लिनक्स घातलं. सुरू होताच पडद्यावर त्याची खूण असलेला पेंग्विन आला. सी जीलानी त्याच्याकडे बघून गंभीरपणे म्हणाले, ‘हा पक्षी पाण्यात राहतो का?’ मी हो म्हणालो. ‘मग मंडळाला चालेल,’ म्हणाले. छपाईयंत्र चाललं नाही (ते आधीही चालत नव्हतं, दोन वर्षं शाई नाही, पण आता त्याला न चालायला कारण मिळालं). आवाज फक्त डाव्या बाजूने यायला लागला. आणि मी जिथे हुकूम लिहायचो त्या काळ्या खिडकीत आपली अरबी अक्षरं जोडली जाईनात. तुमचं नाव लिहून पाहिलं तर ती सगळी अक्षरं उलट्या क्रमाने, सुटी सुटी, वाटणीवरून भांडलेल्या भावांसारखी उभी राहिली. पण मी हार मानणारा नाही. मंडळात मी छातीठोक सांगितलं होतं की हा संगणक आपल्या भाषेत बोलतो, परक्या भाषेची गुलामी संपली. म्हणून एकूण एक गोष्ट मी अरबीत लावली. मामा, माझा सत्यानाश त्या अभिमानाने केला.

शुक्रवारी नमाजानंतर जुन्या तबकडीची, म्हणजे संगणकाचं सगळं जिच्यावर साठतं तिची, नक्कल करायला बसलो. खुद्द सी जीलानी शेजारी खुर्ची टाकून. नक्कल म्हणजे एकेक फाइल उचलायची नाही, सगळी तबकडी कोपऱ्याकोपऱ्यासकट दुसऱ्या कोऱ्या तबकडीवर उतरवायची. पडद्यावर नाव नसलेल्या दोन चौकटी होत्या, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि मध्ये एक बाण. आपण लिहितो उजवीकडून डावीकडे. म्हणून मी शहाण्यासारखी जुनी तबकडी उजव्या चौकटीत ठेवली आणि कोरी डाव्या. बाण मात्र डावीकडून उजवीकडे बघत होता.

आता इथे मला तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल की भाचा आंधळा आहे. परदेशात बनलेले हे कार्यक्रम अरबीत आणतात तेव्हा शब्द बदलतात, डावं उजवीकडे करतात, पण बाण फिरवायचे विसरतात. ‘पुढे’ लिहिलेल्या बटणावरचा बाण मागे बघतो, ‘मागे’वरचा पुढे. माझी सगळी नोकरी लोकांना हेच सांगण्यात गेली आहे की बाणाकडे बघू नका, बाण वेडा आहे, अक्षर वाचा. तोझरच्या कचेरीत माझ्या टेबलावर तशी पाटीच आहे. म्हणून हा बाण बघून मी सी जीलानींना हसत म्हणालो, बघा, हाही उलटाच राहिला. नंतर कळलं की या एका कार्यक्रमात कुणा भल्या माणसाने बाण बरोबर लावला होता. चौकटी तेवढ्या उलटवायच्या राहिल्या होत्या, त्यामुळे नक्कल डावीतून उजवीवर उतरणार होती, आणि उजवीत तुमच्या पाळ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा एका बाणाने मला खरं सांगितलं आणि मी त्याला वेडा म्हणालो.

संगणकाने विचारलं, खात्री आहे का? मी हो म्हणालो. तो पुन्हा म्हणाला, समोरच्या तबकडीवरचं सगळं पुसलं जाईल, खात्री आहे का? मी पुन्हा हो म्हणालो. मला तेव्हा कुणाचीही आठवण झाली नाही. आता सारखी होते.

चाळीस मिनिटं एक पट्टी हळूहळू भरत गेली. सी जीलानींना ती पाट भरावा तशी दिसली आणि त्यांनी दोनदा माशाल्ला म्हटलं. शेवटी ‘नक्कल यशस्वी, एकही चूक नाही’ असं आलं. आणि ते खोटं नव्हतं. कोऱ्या तबकडीची अगदी बिनचूक नक्कल तुमच्या चव्वेचाळीस पाळ्यांवर उतरली होती. आम्ही त्या आनंदात तीन पेले चहा घेतला. मग मी नव्याच्या पोटातला जुना संगणक सुरू केला. काळा पडदा, वरच्या कोपऱ्यात एक छोटी रेघ, उघडमीट करणारी. मी म्हणालो, जरा वेळ लागतो. अर्ध्या तासाने सी जीलानींनी विचारलं, ‘किती वेळ?’ मी म्हणालो, जुना आहे ना, आठवतोय. मामा, मी हे म्हणालो, आणि तीच कळ पुन्हा पुन्हा दाबत राहिलो.

तुम्ही विचाराल, दुसरी प्रत नव्हती का? होती. दर महिन्याला मी न चुकता प्रत काढायचो. ‘सुरक्षित’ नावाच्या कप्प्यात ठेवायचो. तो कप्पा त्याच तबकडीवर होता.

शनिवारी सकाळी हद्दाकाकू खोरं खांद्यावर टाकून मंडळाच्या दारात. पाळी आली की यंत्र ज्याच्या त्याच्या मोबाइलवर टिंग वाजवायचं, त्यामुळे बारा वर्षांत वार-वेळ कुणी लक्षातच ठेवली नव्हती, आणि त्या सकाळी कुणाचाच मोबाइल वाजला नव्हता. मग आणखी दहा-बारा जण. खजूर आता भरायला लागला आहे, या दिवसांत एक पाळी चुकली तर दाणा सुरकुततो तो पुन्हा भरत नाही, हे मी तुम्हाला काय सांगावं. मी उभा राहून खरं ते सांगितलं. मला वाटलं होतं, आता खोरी माझ्यावर चालतील. एकही खोरं उठलं नाही. मग हद्दाकाकू म्हणाली, ‘अरे, तिजानी होता तेव्हा आपल्या पाटाचं दार मातीने बुजवून पुढच्याला हाक मारायची रीत होती. माझं झालं की मी ब्राहीमला हाक मारायचे. इतकं मला आठवतं.’ ब्राहीम म्हणाला, मी मशिदीच्या बागेच्या माणसाला. मशिदीच्या बागेचा माणूस म्हणाला, मी पिठाच्या गिरणीमागे. अशी एकेकाने आपल्या पुढची हाक सांगितली आणि मी कागदावर लिहीत गेलो. यंत्रात पाळ्या भरताना मला त्या आकड्यांच्या रांगा वाटल्या होत्या. त्या हाका आहेत हे मला त्या दिवशी कळलं. आणि मामा, एकही जण असा नव्हता ज्याने तुमचं नाव घेतलं नाही. ‘तिजानी म्हणायचा’, ‘तिजानीने सांगितलं होतं’, ‘तिजानी मला शिव्या द्यायचा, पण पाणी पूर्ण द्यायचा’. बारा वर्षांत त्या खोलीत तुमचं नाव इतक्यांदा कुणी घेतलं नव्हतं, कारण तिथे मी बसत होतो.

काल आणि आज पाणी हाकांवर चाललं आहे. भांडण झालेलं नाही. पण साखळी दोन ठिकाणी तुटली आहे. एक सालेमच्या बागेपाशी. म्हातारा लियाँला जाऊन वारला, पोराला फोन लावला तर तो म्हणतो मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आणि दुसरी तुमच्या बागेपाशी. तुम्ही कोणाला हाक मारायचात, ते सांगणारा इथे कोणी नाही. उरलेल्या बागा दोन, आमची आणि हद्दाकाकूची. एक तुमच्यानंतर, एक सालेमनंतर. तुमच्यानंतर म्हणजे गुरुवारी सकाळचं गार पाणी. सालेमनंतर म्हणजे बुधवारी भर दुपारी दोनचं, निम्मं तापलेल्या वाळूतच जिरतं. आणि आपल्याकडे एकदा दिलेलं पाणी हक्क होऊन बसतं, त्यामुळे चुकून दिलं तर पुढची चाळीस वर्षं ती चूक वाहत राहणार. बागेचं पाणी आईच बघते, मी कचेरीत असतो, म्हणून तिला विचारलं, तुला हाक कोण मारायचं? आई म्हणाली, ‘आठवत नाही बाबा, वय झालं.’ (ही तीच बाई, जी तुमच्या लग्नात कुणाच्या पानात मटणाचा कोणता तुकडा पडला ते सांगते.) हद्दाकाकूला विचारलं, तीही म्हणाली, ‘डोकं चालत नाही रे आता.’ दोघी एकमेकींना म्हणतात, सकाळचं तू घे, मला दुपारचं चालेल. असं सौजन्य मी या दोघींत कधी पाहिलेलं नाही. गेल्या वर्षी एका कोंबडीवरून त्या सहा महिने बोलत नव्हत्या.

एवढीच खबर. बाकी क्षेम. वसीलाला आणि तिच्या मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जैतुनाचं तेल चोळत जा. हे पत्र सूसला भाड्याची गाडी नेणाऱ्या वडापवाल्याकडे देतोय, तो उद्या दुपारपर्यंत तुमच्या दारात पोचवेल.

तुमचा भाचा
नौफल

ता. क. मला काही मागायचं नाही असं वर लिहिलं आहे. ते वाक्य वाचता येत असेल तर खोडून टाका. तुमच्यानंतर कोण, एवढं सांगा. वडापवाला उत्तर घेऊनच निघेल, त्याला मी तसं सांगितलं आहे. एकच नाव पुरे. माझ्याशी बोलायचं नसेल तर कागदावर नुसतं नाव लिहा.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करायच्या आधी आईने पत्र मागितलं, आणि चष्मा लावून सगळं वाचलं. मग मला म्हणाली, ‘तुझ्या मामानंतर आपणच. दुसरं कोण असणार? भावाची बाग आणि बहिणीची बाग, एकाच बापाची, मध्ये नुसता बांध आहे.’ मी म्हणालो, मग दोन दिवस आठवत का नव्हतं? ती म्हणाली, ‘आठवलं असतं तर तू हे पत्र लिहिलं असतंस का?’ हद्दाकाकूलाही सगळं ठाऊक होतं. दोघींनी मिळून ठरवलं होतं. काकू म्हणे आईला म्हणाली, माझी एक पाळी वाळूत गेली तरी चालेल, पण त्या पोराला लिहू दे. म्हणजे आता माझी अडचण संपली आहे, आणि वरच्या कशाचंही उत्तर तुम्ही द्यायची गरज नाही.

ता. क. तिसरा. पत्र तरीही पाठवतोय. बारा वर्षांपूर्वी सभेत मी जे बोललो ते चूक होतं, आणि लोक हसले तेव्हा मला बरं वाटलं होतं, ते त्याहून चूक होतं. यंत्र चुकत नाही म्हणालो होतो. यंत्र खरंच चुकलं नाही, त्याने दोनदा विचारलं. तुम्हीही दोनदा विचारलं होतंत. गादूस मी माळ्यावरून काढला आहे, भोकात माती बसली होती ती काडीने काढली. भिंतीवरचा खिळा तुमचाच आहे, अजून पक्का आहे. गुरुवारी सकाळी तुमच्या बागेची पाळी आहे. रीत अशी की दार ज्याचं त्याने बुजवायचं आणि पुढच्याला हाक त्यानेच मारायची. इतकी वर्षं तुमच्या हाकेच्या जागी मोबाइलची टिंग वाजत होती. आई आणि मी बांधाच्या पलीकडे खोरं घेऊन उभे राहू, आणि तुम्ही हाक मारल्याशिवाय पाणी घेणार नाही.